काळ्या जमिनीत कुत्र्यासाठी कुंपण: आधी तळ, मग फाटक, मग उंची

प्रश्न असा आहे: हिंगणघाट तालुक्यात गावाच्या टोकाला घर, ६० बाय ४० फुटांचं आवार, आठ-आठ फुटांवर सिमेंटचे खांब आणि त्यावर पाच फुटी चेनलिंक जाळी. बंडी आणि ट्रॅक्टरसाठी दहा फुटांचं दोन पाखांचं फाटक. कुत्रा नर, दोन वर्षांचा, गावठी आणि लॅब्रॅडॉरचा संकर, वजन २२ किलोच्या आसपास. पावसाळा लागल्यापासून आठवड्यातून दोन-तीनदा बाहेर जातो. शेजाऱ्यांच्या कोंबड्या मारल्यामुळे आता दिवसरात्र साखळीला आहे. जाळी सात फूट करावी, की रानडुकरांसाठी वावराला लावतात तशी झटका तार आवाराला ओढावी?

भाऊ, आत्ता दोन्ही नको. काळ्या जमिनीवरच्या आवारातून कुत्रा निसटतो तो बहुतेक वेळा जाळीखालून किंवा फाटकातून. वरून जाणारेही असतात, पण कमी, आणि त्यांच्या खुणा लपत नाहीत. उंची डोळ्यांना दिसते म्हणून पैसा उंचीवर जातो, आणि सात फुटी जाळीखालून कुत्रा पूर्वीसारखाच जात राहतो. तेव्हा आधी तो कुठून जातो ते पाहा, मग कशासाठी जातो ते. त्यानंतर तळ, फाटक, आणि गरज उरलीच तर उंची.

कुठून जातो हे कळायला कॅमेरा लागत नाही. चुलीतली राख चाळून कुंपणाच्या आतल्या बाजूने वीतभर रुंदीचा पट्टा टाका, फाटकाखालीही टाका. उजाडल्यावर साखळी सोडा, घरातली सगळी माणसं आत जाऊ द्या आणि खिडकीतून पाहा. बाहेरच्या बाजूला ओळखीचा एक माणूस दोरी आणि भाकरीचा तुकडा घेऊन उभा ठेवा, पण कुत्र्याला दिसणार नाही असा. माणसं समोर असताना बहुतेक कुत्रे प्रयत्नच करत नाहीत, म्हणून “आमच्यासमोर तर कधी जात नाही” या सांगण्याला अर्थ नसतो. राखेत पंजे कुठे गर्दी करतात ते पाहा. जाळीच्या खालच्या तारांना पोटाचे केस अडकलेले असतील, तारा बाहेरच्या बाजूला वर वाकल्या असतील, तर तो खालून जातो. उकरणारा कुत्रा माती मागे फेकतो, म्हणून मातीचा ढीग कुंपणाच्या आत सापडतो. चढणाऱ्याच्या खुणा निराळ्या: छातीच्या उंचीवर जाळीची घरं ताणलेली, दोन खांबांच्या मधोमध वरची तार झोळ खाल्लेली, तारेवर नखांचे ओरखडे. फाटकातून जाणारा पाखाची खालची कड घासून गुळगुळीत करतो.

नाक शिरेल एवढी फट त्याला पुरते. नाक घातलं की तो मानेच्या जोराने सैल जाळी उचलतो, डोकं गेलं की मागून अंग जातं. मोठ्या कुत्र्यासाठीसुद्धा आवारात कुठेही दोन इंचांपेक्षा जास्त फट नको.

आता कशासाठी जातो ते. पावसाळा लागल्यापासून सुरू झालं, हे तुम्ही सांगितलंत ते महत्त्वाचं आहे. त्या दिवसांत दोन गोष्टी एकत्र येतात. माती मऊ होते, त्यामुळे मे महिन्यात सब्बलीलाही दाद न देणारी जमीन पंजाने निघते. आणि आपल्याकडच्या गावठी कुत्र्या साधारण श्रावणापासून कार्तिकापर्यंत माजावर येतात. सुमारे ६३ दिवसांनी वितात, म्हणून थंडीत गल्लोगल्ली पिल्लं दिसतात. माजावरच्या कुत्रीचा वास वाऱ्यावर लांबून येतो, आणि खच्ची न केलेला दोन वर्षांचा नर त्या वासामागे जायला जे लागेल ते करतो. जाळी कितीही चांगली केली तरी हा जोर तसाच राहतो. त्यामुळे नसबंदी कुंपणाच्या कामाचाच भाग समजा. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारा. तिथे शस्त्रक्रियेची सोय नसेल तर नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या चिकित्सालयात घेऊन जा. जखम भरायला दहा ते चौदा दिवस धरा. तेवढे दिवस त्याला उड्या मारू देऊ नका आणि टाके चाटू देऊ नका. शस्त्रक्रियेनंतर लगेच फरक दिसत नाही. संप्रेरकं उतरायला काही आठवडे लागतात, आणि सुरुवातीच्या महिनाभरात तो कुत्रीला गाभण करू शकतो, हेही ध्यानात ठेवा. एक गोष्ट मात्र नसबंदीने जात नाही: बाहेर कोंबड्या मिळतात, हे तो शिकलेला आहे. त्याला उत्तर जाळीचंच.

तळ का सुटतो ते आधी समजून घ्या, नाहीतर केलेलं काम दोन वर्षांत वाया जाईल. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. मार्च ते मे या काळात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. खांबांचे खड्डे ज्या रेषेत खणले त्या रेषेतली माती आधीच मोकळी झालेली असते, म्हणून भेग बऱ्याचदा तिथूनच जाते. कुत्र्याला अर्धं उकरलेलं भोक आयतं मिळतं. पुढे पावसात माती फुगून खांब किंचित उचलते आणि कलंडवते. वाळल्यावर खांब मूळ जागी परत बसत नाही. दोन-तीन वर्षांत जाळीचा तळ कुठे जमिनीपासून चार इंच वर, कुठे मातीत गाडलेला, अशी स्थिती होते.

यावर लोक दोन उपाय करतात आणि दोन्ही आपल्या मातीत टिकत नाहीत. पहिला, दोन फुटांचा चर खणून जाळी उभीच गाडायची. चरात परत भरलेली माती कधीच पहिल्यासारखी घट्ट होत नाही, पावसाचं पाणी त्याच चरातून वाहतं, जाळी लवकर गंजते आणि उकरायला सगळ्यात सोपी जागा नेमकी कुंपणाखाली तयार होते. दुसरा, जाळीखाली चार-सहा इंचांची काँक्रीटची पट्टी ओतायची. खाली काळी माती तशीच असेल तर ती पट्टी एक-दोन उन्हाळ्यांत तडकते आणि तुकडे वर-खाली होतात. काँक्रीटच करायचं असेल तर मुरूम लागेपर्यंत खणून पाया घ्यावा लागतो. कित्येक ठिकाणी मुरूम चार-पाच फुटांखाली असतो. तो खर्च कुत्र्यासाठी करण्याचं कारण नाही.

टिकतं ते असं: जाळीची आडवी झालर. कुंपणाच्या आतल्या बाजूने दोन फूट रुंदीची जाळी जमिनीवर आडवी पसरायची आणि तिची एक कड उभ्या जाळीच्या तळाला बांधायची. उकरणारा कुत्रा नेहमी कुंपणाला नाक लावून, अगदी कडेशी उकरायला सुरुवात करतो. पंजा झालरीला लागतो, तो दोन हात बाजूला सरकून पुन्हा कडेशीच प्रयत्न करतो. दोन फूट मागे सरकून तिथून बोगदा काढावा, हे बहुतेक कुत्र्यांच्या डोक्यात येत नाही. माती फुगली किंवा भेगाळली तरी आडवी जाळी तिच्याबरोबर वर-खाली होते, तुटत नाही. (बाहेरची कुत्री किंवा कोल्हे आत येतात ही अडचण असेल तर झालर बाहेरच्या बाजूला टाकतात. तुमच्यासाठी आत.)

तुमच्या आवाराचा घेर २०० फूट, त्यातून फाटकाचे दहा गेले. १९० फूट झालर लागेल. दोन इंची घरांची, १२ गेजची गॅल्व्हनाइज्ड वेल्डेड जाळी घ्या. चार फूट रुंदीचे ५० फुटांचे दोन गुंडाळे उभे मधोमध कापले की दोन फूट रुंदीच्या चार पट्ट्या म्हणजे २०० फूट होतात, आणि जोडाला सहा इंचांचा चढ द्यायला पुरेसं उरतं. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी बारीक जाळी घेऊ नका. ती काळ्या ओल्या मातीत लवकर सडते, आणि कुत्रा दाताने ओढून तोडतो, त्यात त्याचेच दात आणि हिरड्या जायबंदी होतात.

झालरीची कड उभ्या जाळीला दर सहा ते नऊ इंचांवर १४ गेजच्या गॅल्व्हनाइज्ड तारेने बांधा. स्लॅबच्या सळया बांधायची काळी बाइंडिंग तार इथे वापरू नका. ती एका पावसाळ्यात गंजून तुटते. झालर सुटण्याचं सर्वांत मोठं कारण ही तारच असते. आतली, म्हणजे मोकळी कड जमिनीला ठोकायला ८ मिलिमीटर सळईचे आकडे करा: १८ इंचांचा तुकडा, त्यातले वरचे तीन इंच वाकवलेले, खाली पंधरा इंच सरळ. दर दीड फुटावर एक या हिशेबाने १३० आकडे लागतात. १२ मीटरच्या एका सळईतून २६ तुकडे निघतात, म्हणजे पाच सळया, वजन साधारण २४ किलो. लहान आकडे किंवा खिळे माती उचलून बाहेर फेकते. पंधरा इंचांचेही दर उन्हाळ्याच्या शेवटी एकदा हातोड्याने खाली बसवावे लागतात. झालरीवर तीन-चार इंच मुरूम पसरा, काळी माती नको. पहिल्या पावसात गवत त्यातून वर येतं आणि जाळी जमिनीशी धरून ठेवतं.

कोठ्याच्या बाजूला झालर उघडी ठेवू नका, गाई-बैलांचे खूर अडकतात. तिथे जाळीऐवजी दोन फुटी फरश्या सलग मांडा, किंवा जाळीवर सहा इंच मुरूम चोपून घ्या. खडकाळ, मुरमाड जागी आकडे जात नाहीत. तिथे कडेवर जड गोटे ठेवा, पण एकमेकांना टेकवून. सुटा गोटा कुत्रा पंजाने बाजूला लोटतो.

झालर टाकण्याआधी उभ्या जाळीचा तळ ताणून घ्या. चेनलिंकला वर, मधे आणि खाली अशा तीन १० गेजच्या आडव्या तारा हव्यात. पैसे वाचवायला खालची तार गाळलेली असते, आणि खालच्याच तारेवर सगळं अवलंबून असतं. ती एका टोकाला टर्नबकल (फिरवून तार ताणायचा स्क्रू) लावून ताणा आणि जाळीचं एक घर सोडून एक तिला बांधा. जाळी जमिनीला टेकलेली हवी.

खांब कलले असतील तर ते काम वापसा असताना (जमीन ना चिखल ना कोरडी अशी ओलसर), म्हणजे दिवाळीच्या आसपास करा. मे महिन्यात खड्डा निघत नाही आणि जुलैत भिंती ढासळतात. खड्डा अडीच ते तीन फूट खोल आणि तळाशी थोडा रुंद घ्या. वर रुंद आणि खाली निमुळता खड्डा भरला तर फुगणारी माती त्या काँक्रीटला खालून धरून उचलते. दरवर्षी खांब वर येण्याचं कारण बहुधा हेच असतं. तळाशी सहा इंच गिट्टी, वर १:२:४ चं (सिमेंट, रेती, गिट्टी) काँक्रीट, आणि वरचा माथा उतरता, म्हणजे पाणी खांबाशी साचत नाही. चारही कोपऱ्यांच्या खांबांना दोन्ही बाजूंनी तिरपे आधार द्या. कोपरा हलला की दोन्ही बाजूंच्या तारा सैल पडतात.

पावसाचं पाणी आवारातून जिथून बाहेर पडतं ती जागा वेगळी बघावी लागते. तिथे माती वाहून जाते आणि एका रात्रीत फूटभर फट पडते. साधी जाळी लावून ती बंद केली तर पालापाचोळा अडकतो, पाणी तुंबतं आणि कुंपणच आडवं होतं. १० मिलिमीटर सळयांची, दोन-दोन इंचांवर उभ्या गजांची चौकट करा, ती वरच्या बाजूला कड्यांमध्ये लोंबती ठेवा आणि खाली आतल्या अंगाला अडथळा म्हणून दगडी उंबरा द्या. पाण्याच्या जोराने ती बाहेर उघडते, पाणी ओसरलं की परत टेकते. कुत्रा बाहेर ढकलू शकतो, म्हणून खालच्या कडेला चार-पाच किलोचं लोखंड वेल्ड करून घ्या आणि कोरड्या दिवसांत तिला बाहेरून कडी घाला.

आता फाटक. दहा फुटी फाटकाखाली बंडी आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन चाकोऱ्या पडतात, पाखं जड असल्यामुळे खाली झुकतात, मधल्या जोडाशी फट पडते. तुमचा कुत्रा इथूनच जात असण्याची शक्यता मला जाळीइतकीच वाटते. फाटकाच्या पूर्ण लांबीत उंबरा करा: दीड फूट खणून काळी माती काढा, वर नऊ इंच सोडून बाकी मुरूम पाणी मारून ठोका, आणि त्यावर नऊ इंच रुंद, नऊ इंच जाड काँक्रीटची पट्टी घाला. पट्टीत १० मिलिमीटरच्या दोन सळया टाकल्या तर ट्रॅक्टरखाली ती तुटत नाही. उंबरा आणि पाखाच्या कडेत दोन इंच किंवा त्याहून कमी जागा राहिली पाहिजे. ती राहत नसेल तर पाखाच्या खालच्या कडेला थ्रेशरच्या जुन्या पट्ट्याची झालर नटबोल्टने लावा. दोन पाखं जिथे मिळतात तिथे एका पाखाला उभी लोखंडी पट्टी वेल्ड करा, म्हणजे फट झाकते, आणि दोन्ही पाखांना उंबऱ्यात उतरणारे दांडे हवेत. वरून पडणारी कडी कुत्रे नाकाने उचलायला शिकतात. तिच्या कोयंड्यात एक आकडा किंवा कुलूप अडकवा.

मोठं फाटक रोजच्या जा-येसाठी वापरणं मात्र बंद करा. त्यालाच लागून तीन फुटांचं लहान दार करा आणि त्याच्या आत पाच बाय पाच फुटांची जाळीची खोली, तिला दुसरं दार. माणूस पहिलं दार लावतो आणि मगच दुसरं उघडतो. दोन्ही दारांना ओढून घेणाऱ्या स्प्रिंगा लावा. दारातून झेपावणाऱ्या कुत्र्यासाठी याहून पक्का उपाय नाही, विशेषतः घरात लहान पोरं असतील आणि दूधवाल्यापासून मजुरांपर्यंत दिवसभर माणसं येत-जात असतील तर. बाहेरून येणाऱ्याला दार लावायची आठवण कितीही करून दिली तरी एखाद्या दिवशी ते राहतंच.

तळ आणि फाटक झाल्यावरही वरून जात असेल तर आधी कुंपणाजवळची सामग्री हलवा. पऱ्हाटीचा ढीग, गोवऱ्या, उभी बंडी, पाण्याची टाकी, कुटाराच्या पोत्यांची थप्पी यांतलं काहीही जाळीपासून सहा फुटांच्या आत असलं की पाच फुटांचं कुंपण दोन फुटांचं होतं. त्यानंतर वर आतल्या बाजूला झुकती जाळी लावा. प्रत्येक खांबाला दोन फुटी लोखंडी अँगल यू-क्लॅम्पने बसवा, सिमेंटच्या खांबाला भोक पाडू नका. सहा इंच खांबाला टेकलेला आणि दीड फूट आत ४५ अंशांत वाकलेला अँगल असला की त्यावर दोन तारा आणि जाळी ओढता येते. चढणारा कुत्रा डोक्यावर जाळी आली की थांबतो, कारण त्याला मागे झुकून चढता येत नाही.

दुसरा मार्ग फिरत्या पाइपचा. तुषार सिंचनाचे जुने ७५ मिलिमीटरचे एचडीपीई पाइप घरी पडलेले असतात. सहा मीटरच्या पाइपचे चार-चार फुटांचे तुकडे करून वरच्या ताणलेल्या ८ गेज तारेत सैल ओवा. पंजा ठेवला की पाइप फिरतो आणि पकड मिळत नाही. पांढरा पीव्हीसी आपल्या उन्हात लवकर ठिसूळ होतो, काळा एचडीपीई बराच टिकतो. तार सैल असली तर पाइप खाली लोंबून उलट पायरीचं काम करतो, त्यामुळे टर्नबकल इथेही लागतोच.

रस्त्यावरची कुत्री, शेळ्या, वानरं पाहून उसळत असेल तर जाळीच्या खालच्या चार फुटांना हिरवी शेडनेट बांधा. समोरचं दिसलं नाही की निम्मा उत्साह ओसरतो. मात्र उन्हाळ्याच्या शेवटी वावधान सुटतं तेव्हा हीच नेट वारा धरते आणि कच्चे खांब पाडते. ती खांब पक्के झाल्यावरच लावा आणि दर दहा-बारा फुटांवर हातभर जागा मोकळी सोडा.

काटेरी तार कुत्र्यासाठी कुंपण होत नाही. तो तिच्यातून जातोच, फक्त फाटून जातो, आणि पावसाळ्यात अशा जखमेत दोन-तीन दिवसांत किडे पडतात. सागरगोटा, करवंद, घायपात यांचं जिवंत कुंपण जाळीच्या बाहेरून असेल तर चांगलं. एकट्याने ते कुत्रा अडवत नाही, कारण बुंध्याशी मोकळी जागा राहते.

झटका तारेबद्दल स्पष्ट सांगतो. घरातल्या बोर्डावरून किंवा महावितरणच्या तारेवरून थेट करंट सोडणं गुन्हा आहे आणि त्याने विदर्भात माणसं, बैल, वाघही मेले आहेत. तो विषय इथेच संपवा. बॅटरीवरचं सौर झटका मशीन वेगळं, ते सेकंदाला एक अगदी क्षणभराचा ठोका देतं आणि नीट बसवलं तर जीव घेत नाही. तरीही आवाराला ते नको. माजाचा वास किंवा फटाक्यांची भीती यांच्या जोरावर कुत्रा झटका खाऊन बाहेर पडतो, आणि शांत झाल्यावर त्याच झटक्याच्या भीतीने आत यायला तयार होत नाही. शिवाय वाळलेल्या भेगाळ जमिनीत अर्थिंग नीट लागत नाही, म्हणजे उन्हाळ्यात तार नुसती शोभेची राहते. वावरासाठी लावली असेल तर आवाराच्या जाळीपासून दीड फूट लांब ठेवा. फिनाइल, मिरचीपूड, डांबरगोळ्या कुंपणाशी टाकण्याचाही सल्ला मिळेल. फिनाइल आणि डांबरगोळी कुत्र्याच्या पोटात गेली तर विषबाधा होते, आणि वास एका सरीत धुऊन जातो.

सगळं उकरणं पळण्यासाठी नसतं, हे मार्च लागला की लक्षात ठेवा. पारा ४५ च्या वर गेला की कुत्रा भिंतीच्या किंवा कुंपणाच्या सावलीत खड्डा करून गार मातीत पोट टेकतो. त्यासाठी त्याला मारणं चूक आहे. लिंबाखाली चार बाय चार फुटांचा, फूटभर खोल खड्डा करून रेती भरा आणि सकाळ-दुपार बादलीभर पाणी मारा. तो कुंपण सोडून तिथे बसेल. २२ किलोच्या कुत्र्याला एरवी दिवसाला एक ते सव्वा लिटर पाणी लागतं, मे महिन्यात दुप्पट धरा, आणि ते दोन जड भांड्यांत ठेवा, म्हणजे एक सांडलं तरी दुसरं राहतं. दिवसभर आवारात रिकामा असलेला तरुण कुत्रा उकरणारच. सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी अर्धा-पाऊण तास दोरीवर फिरवा. सकाळी तुम्ही वावरात निघता तेव्हा तो मागे येण्यासाठी धडपडत असेल तर निघण्याआधी फिरवून आणा आणि निघतानाच खायला द्या.

फटाके, लग्नातला डीजे, वळवाच्या पावसातला कडकडाट यांना घाबरलेल्या कुत्र्याला कोणतंही कुंपण धरत नाही. अशा वेळी तो घरातल्या आतल्या खोलीत हवा, दार-खिडक्या बंद, पंखा किंवा टीव्ही सुरू. दिवाळीत अंधार पडण्याआधी फिरवून आणा. फार घाबरत असेल तर आठवडाभर आधी पशुवैद्यांना विचारा. माणसांच्या झोपेच्या गोळ्या देऊ नका.

रात्रीचं वेगळं. बिबट्याला सहा फुटी जाळी काहीच नाही, आणि कुत्रा हे त्याचं सोपं भक्ष्य. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा किंवा वर्ध्यात बोरच्या बाजूला जंगलालगत असाल तर कुत्रा रात्री बंद खोलीत किंवा वरून बंद पिंजऱ्यात हवा: सहा बाय चार फूट, दोन-अडीच इंचांवर गज, पत्रा बोल्टने आवळलेला आणि त्यावर तुराटीचा जाड थर, नाहीतर तो आत भाजतो. साखळीला बांधलेला कुत्रा बिबट्यापासून पळूही शकत नाही. कुंपणाजवळ बांधलेला कुत्रा उडी मारून पलीकडे लोंबकळतो आणि गळफास लागून मरतो. सतत साखळीला ठेवून फिरवणं-सोडणं टाळणं हे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या ११ व्या कलमात बसतं. काम होईपर्यंत दहा बाय दहा फुटांचा, वरून झाकलेला जाळीचा कप्पा करून त्यात ठेवा, साखळी काढा.

रात्री बाहेर पडलेल्या कुत्र्याला वावरातल्या चोरट्या करंटच्या तारा, डुकरांसाठी लावलेले फासे आणि स्फोटक गोळे, कपाशीवर मारलेली फवारणी हे सगळं आडवं येतं. परत आल्यावर लाळ गळत असेल, अंग थरथरत असेल तर तूप-दूध पाजत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. दुसऱ्या कुत्र्याने किंवा जंगली जनावराने चावलं असेल तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी पशुवैद्यांना दाखवा, आणि रेबीजची लस दरवर्षी चुकवू नका. गळ्यात पट्टा आणि त्यावर फोन नंबर कोरलेली पत्री कायम ठेवा. शेजाऱ्यांच्या कोंबड्यांची भरपाई मागण्याआधी देऊन टाका. कुत्रा बाहेर दिसला तर फोन करणारे पहिले तेच असतील.

पळालेला कुत्रा परत आला की मारू नका. तो पळण्याचा आणि माराचा संबंध जोडत नाही, घरी येण्याचा आणि माराचा जोडतो, आणि पुढच्या वेळी उशिरा येतो किंवा हाताला लागत नाही. पकडायला मागे धावू नका. खाली बसा, नाव घेऊन हाक मारा, दुसऱ्या दिशेने चालायला लागा. आला की भाकरी द्या, मग दोरी लावा.

काम पूर्ण झाल्यावर पहिले दहा दिवस त्याला पंधरा फुटांची हलकी सुती दोरी जमिनीवर सरपटत ठेवून मोकळा सोडा, पण कोणी तरी पाहत असतानाच. तो जुन्या जागा एकेक करून तपासेल आणि झालरीवर उकरून पाहील. तिथेच त्याला ओरडण्यापेक्षा हाक मारून आपल्याकडे बोलवा आणि आल्यावर खायला द्या. ज्या जागी तो रोज परत जातो तिथली तार, आकडे आणि फट पुन्हा मोजा. सलग दहा दिवस कुठेही जाळी उचललेली किंवा वाकलेली दिसली नाही की दोरी काढा. त्यानंतर वर्षातून दोनदा, मृग लागण्याआधी आणि दिवाळीत, सब्बल आणि हातोडा घेऊन पूर्ण २०० फूट चालत तळ तपासा. भेगांत मुरूम भरा, उचललेले आकडे खाली ठोका आणि गंजलेली तार बदला.